हातोहात

आजीच्या पितळी डब्यात चांदीचा एक रुपया होता. पंचम जॉर्जच्या डोक्याचा, १९१८ सालचा. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघे, चिंचेच्या कोळाने घासून लख्ख होई, तबकात तांदळाच्या राशीवर बसे, आणि भाऊबीज उरकली की पुन्हा डब्यात जाई. आजी गेल्यावर तो माझ्याकडे आला. राजाच्या दाढीचे केस पुसले गेले आहेत, कानाच्या जागी नुसता उंचवटा उरला आहे. गेल्या वर्षी मी तो ओळखीच्या सोनारकाकांकडे नेला. म्हटले, "काका, मोडायचा नाही, नुसतं वजन सांगा." काचेच्या पेटीतल्या काट्यावर त्यांनी तो अलगद ठेवला. आकडे जरा थरथरले आणि थांबले : ११.४८ ग्रॅम. टांकसाळीतून निघताना असा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असे. काका म्हणाले, "घट आलीये. जुना आहे, चालायचंच."

ती घट कुठे गेली? कुणाकुणाच्या बोटांना लागून, कनवटीला, गल्ल्यात, दुसऱ्या रुपयांवर घासून, आणि थोडी आजीच्या चिंचेच्या पाण्यातही. रुपयाकडे असे पाहायला मला दामोदर धर्मानंद कोसंबींनी शिकवले. मी त्यांना पाहिलेले नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात ते झोपेतच गेले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी काही माणसे पुस्तकांतून इतकी जवळ येतात की त्यांची आठवण काढतो म्हणताना चुकल्यासारखे वाटत नाही.

त्यांचा पेशा गणिताचा. पण त्यांचे नाव घ्यावे तर समोरचा आधी विचारतो, "म्हणजे इतिहासकार ना?" दुसरा म्हणतो, "भर्तृहरीची पोथी शोधून काढणारे." तिसऱ्याला नाणी आठवतात, चौथ्याला कार्ल्याची लेणी, पाचव्याला अणुऊर्जेऐवजी सूर्याची ऊर्जा वापरा म्हणून भांडणारा माणूस. आमच्या घरी अशा माणसासाठी एक म्हण तयार असे : एक ना धड, भाराभर चिंध्या. मी शाळेत असताना दर सहा महिन्यांनी नवे काहीतरी हाती धरी, आणि ती म्हण दर सहा महिन्यांनी कानावर पडे. मराठीत 'छांदिष्ट' हा शब्दही कौतुकाने फारसा कुणी वापरत नाही. खरे तर छंद म्हणजे वृत्तही. श्लोकाला चाल देणारी, अक्षरांना एका मापात बांधणारी गोष्ट. कोसंबींच्या बाबतीत हे दोन अर्थ मला कधी वेगळे करता आले नाहीत. त्यांच्या सगळ्या छंदांना एकच चाल होती.

गोव्यातल्या कोसबेन गावी ३१ जुलै १९०७ ला जन्म. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघालेला, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथा घालून पालीचा पंडित होऊन परतलेला माणूस. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र ज्याने वाचले, त्याला या घराण्यातली पायपीट मुलाकडे कुठून आली ते सांगावे लागत नाही. हार्वर्डच्या कामासाठी धर्मानंद अमेरिकेला गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर घेऊन गेले. तिकडच्या शाळेत लॅटिन, पुढे हार्वर्डमध्ये गणित, शिवाय फ्रेंच, जर्मन, इटालियन. १९२९ साली पदवी घेऊन मुलगा परतला. हार्वर्डच्या प्राच्यविद्येच्या ग्रंथमालेत एक्केचाळिसावे पुस्तक 'विसुद्धिमग्ग', ते वडिलांच्या संपादनाचे. बेचाळिसावे 'सुभाषितरत्नकोश', ते मुलाच्या आणि वा. वि. गोखल्यांच्या संपादनाचे. फळीवर बाप-लेक शेजारी शेजारी उभे आहेत. पहिले छापून आले १९५० साली. धर्मानंद त्याआधी तीन वर्षे, सेवाग्रामला, अन्न सोडून गेले होते.

बनारस, मग अलीगढ. अलीगढला तेव्हा आंद्रे वेय नावाचा विशीतला फ्रेंच गणिती प्राध्यापक होता. त्याच्या सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एक निबंध लिहिला आणि एक प्रमेय 'बूर्बाकी' नावाच्या, जगात कधी नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या नावावर टाकले. तिथल्या एका सहकाऱ्याची थोडी फिरकी घ्यायची होती. चार-पाच वर्षांनी वेय आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बूर्बाकी याच नावाने एकत्र लिहायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकातल्या गणिताची मांडणीच बदलून टाकली. ते नाव गणिताच्या कागदावर पहिल्यांदा छापले गेले ते अलाहाबादच्या एका नियतकालिकात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पुढच्या कामात गंभीर झालेला माणूस तिच्यात चोवीस वर्षांचा आहे आणि खुशीत आहे.

१९३३ पासून बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. इथे खरी गोष्ट सुरू होते. त्यांना संख्याशास्त्र शिकायचे होते, आणि पुस्तकातली उदाहरणे सोडवून ते शिकायचे नव्हते. खरा, हाताला लागणारा प्रश्न हवा होता. तो त्यांना जुन्या नाण्यांत सापडला.

आहत नाणी म्हणजे आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजनाला उतरवायचे, आणि वर एकेक ठसा ठोकायचा : सूर्य, डोंगर, हत्ती, झाड. पुढच्या अंगाला बहुधा पाच ठसे. राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षर नाही. तक्षशिलेला भीर टेकाडात १९२४ साली अशा हजारावर नाण्यांचा साठा मिळाला. त्यात सिकंदराची जवळजवळ कोरी नाणी होती, म्हणून साठा पुरला कधी ते कळले. पण त्यातली मुकी नाणी एकमेकांत कोण आधीची, कोण नंतरची? ठशांकडे पाहून पंडित तर्क करत बसले होते. कोसंबींनी तराजू घेतला.

रुपया एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा अगदी किंचित चांदी मागे राहते. एका व्यवहारात ती मोजता येणार नाही. पण हजार नाणी वर्षानुवर्षे फिरली की सरासरी वजन उतरते. दुसरेही एक घडते, आणि माझ्या मते खरी नजर इथे लागते : सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. एक बाजारात गरगर फिरते, दुसरे मडक्यात पडून राहते. त्यामुळे नाणी जितकी जुनी तितकी त्यांच्या वजनांतली आपापसातली तफावतही वाढत जाते. नव्या नाण्यांची वजने एका घोळक्यात उभी असतात. काळ लोटला की घोळका खाली सरकतो आणि पांगतो. या दोन गोष्टींवरून, ठसा न वाचता, नाण्यांचा क्रम लावता येतो. आणि मागच्या अंगावरचे ते बारीकसारीक ठसे? ते व्यापाऱ्यांनी तपासणी करताना मारलेले असावेत. कोसंबींनी दाखवले की मागचे ठसे जितके जास्त, तितके वजन कमी.

हे नुसते जुन्या नाण्यांवर सांगून भागणार नव्हते. म्हणून त्यांनी त्या वेळी चलनात असलेली नाणी घेतली, ज्यांवर साल छापलेले असते, आणि ती वर्षवार लावून हजारोंनी तोलली. एकेक, हाताने. मी कधी कधी डोळ्यांपुढे आणते : पुण्यातली दुपार, दारे-खिडक्या लावलेल्या, कारण वाऱ्याची झुळूकही काट्याला चालत नाही. चिमट्याने नाणे उचलायचे, पारड्यात ठेवायचे, काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा, आकडा लिहायचा, नाणे उचलायचे. हजार वेळा, मग पुन्हा हजार वेळा. ज्याला हे 'फावल्या वेळचे' वाटते त्याने शंभर नाणी तोलून पाहावीत. १९६६ च्या फेब्रुवारीत, मरणाच्या चार महिने आधी, 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी हीच पद्धत जगापुढे पुन्हा मांडली.

नाणी तोलून क्रम तर लागला. पण ती पाडली कुणी? त्यासाठी पुराणे, बौद्ध आणि जैन ग्रंथ चाळायला हवेत. त्यासाठी संस्कृत पक्के हवे. पुन्हा तीच रीत : व्याकरणाचे पुस्तक उघडून बसायचे नाही, एक खरे काम अंगावर घ्यायचे. त्यांनी भर्तृहरी घेतला.

मराठी घरांना भर्तृहरी वामन पंडितांमुळे घरचाच. नीती, शृंगार, वैराग्य अशी तीन शतके, म्हणजे तीनशे श्लोक, असे आपण धरून चालतो. कोसंबींनी देशभरातल्या शेकडो पोथ्या जमवून, ताडून पाहिल्या. आणि दिसले काय, तर पोथीगणिक भर्तृहरी वेगळा. कुठे हा श्लोक आहे, कुठे नाही. कुठे नीतीतला वैराग्यात. सगळीकडे सापडतात असे श्लोक निघाले २००. आणखी १५२ संशयातले. आणि इकडून तिकडून येऊन भर्तृहरीच्या नावाला चिकटलेले ५००. एकूण ८५२. त्यांची ही प्रत १९४८ साली मुनी जिनविजयांच्या सिंघी जैन ग्रंथमालेत आली, आणि संपादकाने ती मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांच्या स्मृतीला अर्पण केली. जैन मुनी, वैरागी कवी आणि साम्यवादी संपादक एका मुखपृष्ठाआड बसले आहेत. आपल्याकडच्या विद्वत्तेत एवढी जागा होती याचे मला मनापासून समाधान वाटते.

नाणे हातोहात फिरले की झिजते. श्लोक तोंडोतोंडी फिरला की वाढतो. चांगल्या कवीच्या नावावर लोक आपापले श्लोक ठेवून जातात, जसे देवापुढे नारळ ठेवतात. पण दोन्हीकडे प्रश्न एकच : अनेक हातांतून आलेल्या वस्तूकडे पाहून ते हात मोजायचे कसे? मला वाटते, कोसंबींनी आयुष्यभर हाच एक प्रश्न सोडवला. नाणी, पोथ्या, देव, दगड ही सगळी त्याचीच उदाहरणे.

त्याच वर्षांतले त्यांचे आणखी एक काम याच जातीचे आहे, आणि ते बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक नसते. आई-बापाकडून मुलाकडे गुण येतात तेव्हा एकाच गुणसूत्रावर असलेले दोन जनुक कधी बरोबर येतात, कधी त्यांची ताटातूट होते. जितके लांब, तितकी ताटातूट जास्त. तेव्हा ताटातूट किती वेळा झाली ते मोजून त्यांच्यामधले अंतर काढता येईल. अडचण अशी की एका जागी तुटून सांधा बदलला की अगदी शेजारी पुन्हा तसे घडण्याची शक्यता कमी होते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हे धरलेले नव्हते. कोसंबींनी १९४४ साली ते धरून नवे सूत्र दिले. आजही भाताच्या, गव्हाच्या जनुकांचे नकाशे काढणारे संशोधक 'कोसंबी' हा शब्द पर्यायांच्या यादीतून निवडतात. त्यांतल्या कितीजणांना हा माणूस आहत नाणीही तोलत होता हे माहीत असेल, कोण जाणे. इथेही तेच : पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेली गोष्ट, आणि वाटेत काय सुटले त्यावरून वाट मोजणे.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. बिऱ्हाड मात्र पुण्यातच राहिले; भांडारकर संस्थेच्या शेजारी त्यांचे घर होते, आणि ये-जा डेक्कन क्वीनने. त्या गाडीने मीही अनेक वर्षे गेले आहे. तळेगाव सुटले की डाव्या हाताला लोहगड-विसापूर, पायथ्याला भाजे. उजव्या हाताला, जरा लांब, कार्ल्याचा डोंगर. बाकीच्यांसाठी ती खिडकीतली शोभा. कोसंबी सुट्टीच्या दिवशी तिथे चालत असत.

त्यांच्या चालण्याबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहावेसे वाटते. हातात काठी, तिच्या टोकाला छिन्नीसारखे लोखंड, जमिनीत रुतलेला दगड उकरून काढायला. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर त्यांनी गारगोटीची बारीक, धारदार पाती गोळा केली : बोटाच्या पेराएवढी, अश्मयुगातल्या माणसांनी कातडे सोलायला, काप घ्यायला घडवलेली. ती विखुरलेली नव्हती, ओळीने सापडत होती. ओळीच्या वाटेवर आज कुठे तुकाई, कुठे म्हसोबा, कुठे नुसता शेंदूर फासलेला तांदळा. गावाच्या मध्यावर असतील असे देव हमरस्त्यापासून दूर, तिठ्यावर, उघड्या माळावर का? कोसंबींचे उत्तर असे की हे देव गावापेक्षा जुने आहेत. गाव वसण्याआधी मेंढरे-गुरे घेऊन माणसे ऋतूप्रमाणे वर-खाली फिरत, त्यांच्या वाटा जिथे मिळत तिथे हे देव बसले. पंढरीच्या पालखीच्या वाटेखालीही अशी एखादी जुनी वाट असावी, असे त्यांना वाटे. 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात हे आहे, आणि ते वाचल्यापासून मला वारीच्या गर्दीत पायांखाली आणखी पाय ऐकू येतात.

एकदा वेताळ टेकडीवर पाऊस उघडल्यावर मला एक पाते सापडले. खरेच जुने होते की नुसता फुटका दगड, सांगता येत नाही. मी जाणकार नाही. दुधी रंगाचे, एका कडेला पारदर्शक. अंगठा आणि तर्जनी यांच्यात असे बसले की धरायची जागा कुणीतरी ठरवून ठेवली असावी. कडेवरून बोट फिरवले आणि बारीक ओरखडा उठला. मी ते होते तिथेच ठेवले. त्याची जागा हीच त्याची माहिती, हे तोवर शिकले होते.

आणि ते शेंदराचे देव. नाण्यावरून दर हाताला कण जातो, देवावर दर हाताला कण चढतो. तेल आणि शेंदूर, अमावस्येला, पौर्णिमेला, नवसाला, वर्षानुवर्षे. नाक-डोळे पुसून दगड गोल होतो. मग एखाद्या दिवशी कवच गळून पडते आणि आत भलताच चेहरा निघतो. वणीला सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर २०२२ साली उतरवला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने देवीचे जुने रूप पाहिले. मला त्या दिवशी कोसंबींची फार आठवण आली. त्यांनी आधी विचारले असते, थर किती जाडीचा होता, आणि वर्षाला किती चढतो.

यातला दुखरा भागही लिहिला पाहिजे, कारण त्यांच्यावर प्रेम करणारे बहुधा तो टाळतात. १९५९ साली त्यांनी रीमान यांच्या गृहीतकाला हात घातला. मूळ संख्या कशा पसरल्या आहेत याबद्दलचा तो प्रश्न, बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८५९ साली मांडलेला आणि अजून न सुटलेला. कोसंबींनी तो संभाव्यतेच्या वाटेने सुटल्याचा दावा केला, आणि कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात तो छापला. गणितज्ञांनी तो मानला नाही. त्यांची प्रतिष्ठा त्यात खर्ची पडली. १९६२ साली संस्थेतली त्यांची नेमणूक संपली आणि पुढे वाढली नाही. मला त्या गणितातले फार कळत नाही, पण चूक कुठल्या बाजूने आली असेल ते कळल्यासारखे वाटते. हजारो वस्तू एकत्र घेतल्या की एकेकीचा लहरीपणा मिटतो आणि खालचा नियम वर येतो, या विश्वासावर त्यांनी नाणी वाचली, पोथ्या वाचल्या, डोंगर वाचले. तो विश्वास त्यांनी मूळ संख्यांवरही ठेवला. पण मूळ संख्या कुणाच्या हातातून येत नाहीत. त्या झिजत नाहीत, त्यांना शेंदूर चढत नाही.

नोकरी गेल्यावरही ते चालत राहिले. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक आले, ज्यात राजांच्या याद्यांपेक्षा नांगर, मीठ आणि वाटा जास्त आहेत. पुढच्या जूनमध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले. डेक्कन क्वीन त्या दिवशीही वेळेवर सुटली असेल, कार्ल्याच्या पायथ्याला एकवीरेचे भक्त चढत असतील.

या दिवाळीला मुलीने डबा उघडला आणि विचारले, "आई, रुपया घासू का? पणजीचा आहे तसाच काळा ठेवू?" मी क्षणभर गप्प राहिले. घासला तर अजून थोडी चांदी जाणार, हे मला ठाऊक होते. किती, तेही कदाचित काढता आले असते. रुपया उचलला, राजाच्या कानावरून अंगठा एकदा फिरवला आणि तिच्या ओल्या हातावर ठेवला. तिने चिंच कुस्करली. वाटीतले पाणी हळूहळू काळपट होत गेले.